स्टार्टअपची नोकरी स्वीकारण्यापूर्वी : कंपनीच्या नावाचे वजन कसे तोलावे

पुण्यात किंवा मुंबईत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या हाती अनेकदा एकाच महिन्यात दोन पत्रे पडतात. एक असते देशभर नाव माहीत असलेल्या मोठ्या आयटी कंपनीचे, वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासचे. दुसरे असते बाणेर-बालेवाडीकडच्या एखाद्या चाळीस माणसांच्या स्टार्टअपचे, सहा-सात लाखांचे आणि शेवटी ‘ईसॉप’ (पुढे कंपनीचे समभाग घेण्याचा हक्क) अशी एक गूढ ओळ असलेले. पहिले पत्र पाहून घरी पेढे आणले जातात, दुसरे पाहून “पण ही कंपनी करते तरी काय?” असा प्रश्न येतो. ज्यांना दुसरे पत्र खुणावते आहे, पण पहिल्या पत्रावरचे नाव सोडवत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी सुरुवातीची काही वर्षे मोठ्या कंपनीत आणि नंतरची बरीच वर्षे पुण्यातील लहान कंपन्यांत काढली असून त्यातला बराच काळ उमेदवारांच्या मुलाखती घेण्यात गेला आहे. त्यामुळे खालील पायऱ्यांत माझी मतेही मिसळलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला काढू. स्टार्टअपमध्ये भरती करणारी मंडळी हमखास सांगतात, की आजच्या मोठ्या कंपन्याही एके काळी लहानच होत्या. ते खरे आहे. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली, आणि १९९० मध्ये पुण्यातच आनंद देशपांडे यांनी स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स २०१० मध्ये शेअर बाजारात उतरली. मात्र त्याच काळात सुरू होऊन बंद पडलेल्या कंपन्यांची नावे कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत, त्यामुळे ती उदाहरणार्थ घेतली जात नाहीत. हे वाक्य कानावर पडले तर हसून ऐकावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

पायरी १ : तुमच्या कंपनीचे नाव कोण विचारणार आहे, याची यादी करा

कंपनीची प्रतिष्ठा आपण एकच एक गोष्ट असल्यासारखी बोलतो. प्रत्यक्षात ती विचारणाऱ्यागणिक बदलते. म्हणून एक कोरा कागद घ्या आणि येत्या तीन वर्षांत “कुठे काम करता?” हा प्रश्न तुम्हाला कोण कोण विचारणार आहे आणि तुमच्या उत्तरावर त्यांचा कोणता निर्णय अवलंबून असणार आहे, ते लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत चार जण येतात : पुढची नोकरी देणारा, बँक, नातेवाईक आणि, परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर, तिथले विद्यापीठ.

पुढची नोकरी देणाऱ्यापासून सुरुवात करू. एका जागेसाठी तीनशे अर्ज समोर असतात तेव्हा ते वाचणारा प्रत्येक अर्जाला अर्धे मिनिटही देत नाही. ओळखीच्या कंपनीचे नाव दिसले की त्याला एवढेच कळते, की या उमेदवाराला आधी कोणीतरी पारखून घेतलेले आहे. पण हे वजन कंपनीच्या आकारातून येत नाही, ते तिच्या निवडीच्या काटेकोरपणातून येते. जिथे लाखो माणसे काम करतात आणि दरवर्षी हजारो नवी घेतली जातात, त्या कंपनीच्या नावावरून तुमच्याविषयी वेगळे असे फार काही कळत नाही. उलट, शेजाऱ्यांनी कधी न ऐकलेली एखादी कंपनी तिच्या धंद्यात मोठ्या आदराने ओळखली जाऊ शकते. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली, डेटा बॅकअपचे काम करणारी द्रुवा किंवा करारांच्या व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बनवणारी आयसर्टिस ही नावे लग्नाच्या मांडवात कोणाला सांगितली तर समोरचा विषय बदलेल. पण कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या वर्तुळात ती नावे पुरेशी बोलकी आहेत. म्हणून प्रश्न असा विचारा : मला ज्या प्रकारच्या कामात पुढे जायचे आहे, त्या कामातली माणसे या कंपनीला ओळखतात का? त्या क्षेत्रातल्या दोन-तीन अनुभवी व्यक्तींना सरळ विचारले, तर उत्तर एका दुपारी मिळते.

नावाचा हा उपयोग मुख्यतः पहिल्यांदा नोकरी बदलण्यापुरता असतो. दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीपासून मुलाखतीचा रोख “तुम्ही स्वतः काय केलेत?” याकडे वळतो, आणि तिथे मोठ्या कंपनीत दोन वर्षे ‘बेंच’वर, म्हणजे प्रकल्पाविना, बसलेला उमेदवार अडखळताना मी अनेकदा पाहिला आहे.

बँकेची रीत वेगळी. तिला तुमच्या कामाशी देणेघेणे नसते. तिला पगारपत्रके, फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचे प्रमाणपत्र) आणि कंपनी किती जुनी व किती भरवशाची आहे हे पाहायचे असते. अनेक बँका कंपन्यांची प्रतवारी ठेवतात आणि कर्जाची रक्कम व व्याजदर त्या प्रतीनुसार ठरवतात. वर्षभरात घरासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर ते मंजूर होऊन हातात पडेपर्यंत मोठ्या कंपनीतली नोकरी सोडू नये, असा सल्ला जुनी माणसे देतात आणि तो योग्य आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुमच्याच पगारावर सुरू होणार असेल, तर तेही या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

नातेवाइकांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. बायोडेटातली ‘नोकरी’ ही ओळ वाचून स्थळे पुढे सरकतात किंवा थांबतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात डेटा बॅकअप म्हणजे काय हे समजावून सांगणे सोपे नसते. तरीही माझे मत असे, की हे कारण यादीत लिहावे, पण सर्वांत खाली. ज्यांचा निर्णय तुमच्या रोजच्या आठ-दहा तासांना स्पर्श करत नाही, त्यांचे मत त्या तासांवर लादू नये. विद्यापीठाबाबत फार सांगण्यासारखे नाही. तिथे शिफारसपत्र लिहिणारा वरिष्ठ तुम्हाला किती जवळून ओळखतो याला महत्त्व असते, आणि लहान कंपनीत तो जवळून ओळखतो.

पायरी २ : नाव आणि सुरक्षितता यांची गल्लत करू नका

मोठे नाव म्हणजे पक्की नोकरी, हे समीकरण आपल्या आधीच्या पिढीने सरकारी नोकरी आणि बँकेवरून उचलले आहे. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ते समीकरण किती ढिले झाले आहे हे दिसले. नेमणूकपत्र हाती असूनही रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे जाण्याचा अनुभव २०२२ नंतर मोठ्या आयटी कंपन्यांनी निवडलेल्या अनेक पदवीधरांनी घेतला आहे.

स्टार्टअपची बाजूही स्वच्छ नाही. २०१६ मध्ये फ्लिपकार्टने कॅम्पसमधून निवडलेल्या उमेदवारांची रुजू होण्याची तारीख जूनवरून डिसेंबरपर्यंत ढकलली होती, आणि त्याच वर्षी आयआयटींच्या समितीने शब्द न पाळणाऱ्या अनेक कंपन्यांना प्लेसमेंटपासून वर्षभरासाठी दूर ठेवले होते. दोन्हीकडे धोका आहे. फरक एवढाच, की मोठी कंपनी माणसे कमी करते तेव्हा कंपनी शिल्लक राहते आणि तुमच्या अनुभवपत्राच्या चौकशीला उत्तर द्यायला कोणीतरी असते.

“स्टार्टअपमध्ये खूप शिकायला मिळते, म्हणून पुढे कमाई वाढते” हा समजही एकदा तपासून घ्यावा. डेन्मार्कच्या सरकारी नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टार्टअपमध्ये नोकरी धरणाऱ्यांची पुढील दहा वर्षांतली कमाई मोठ्या, प्रस्थापित कंपन्यांत लागलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे १७ टक्क्यांनी कमी भरली, असे त्यात आढळले. यातला जवळपास निम्मा फरक मुळात कोणत्या पात्रतेचे लोक कुठे जातात यामुळे होता. उरलेल्याची कारणे दोन : स्टार्टअप बंद पडल्याने मधल्या काळात बेकारी येते, आणि लहान कंपनीत गेलेला माणूस जास्त पगार देणाऱ्या मोठ्या कंपनीकडे क्वचितच परततो. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की आधीच यशस्वी झालेल्या स्टार्टअपमध्ये दाखल झालेल्यांची कमाई थोडी जास्तच राहिली. डेन्मार्क म्हणजे पुणे नव्हे. तरीही पहिल्या दहा माणसांत जाणे आणि तीनशेव्या क्रमांकावर जाणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

पायरी ३ : समोरचे स्टार्टअप नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

‘स्टार्टअप इंडिया’ ही केंद्र सरकारची योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली, आणि तिच्या अंतर्गत मान्यता मिळालेल्या कंपन्यांची संख्या आता दीड लाखाच्या पुढे गेली आहे. राज्यांमध्ये महाराष्ट्र त्यात आघाडीवर आहे. मात्र ती मान्यता कंपनीचे वय, उलाढाल आणि कामाचे स्वरूप पाहून मिळते. कंपनी टिकेल, पगार वेळेवर देईल किंवा चांगले काम शिकवेल, याची हमी त्या प्रमाणपत्रात नसते. त्यामुळे संकेतस्थळावर लावलेल्या त्या बोधचिन्हाने भारावून जाऊ नये.

स्टार्टअपची तुमच्या उपयोगाची विभागणी अशी आहे. काही कंपन्या संस्थापकांच्या स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या पैशांवर चालतात आणि अजून ग्राहक शोधत असतात. काहींनी गुंतवणूकदारांकडून पैशांची पहिली-दुसरी फेरी उचललेली असते. त्यांच्याकडे रोकड असते, पण ती संपण्याची तारीखही असते. काही बाहेरचा पैसा न घेता नफ्यावर वाढतात. झोहो आणि झिरोधा ही त्यांची देशातली ठळक उदाहरणे, आणि अशा कंपन्या नवशिक्यासाठी सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या, पण अतिशय चांगल्या जागा असू शकतात. चौथा प्रकार जरा सांभाळून ओळखावा लागतो : दुसऱ्यांची कंत्राटी कामे करून देणारी लहान सेवा कंपनी, जी भरतीच्या जाहिरातीपुरती स्वतःला स्टार्टअप म्हणवते. तिथली नोकरी वाईटच असते असे नाही, पण स्वतःचे उत्पादन घडवण्याचा अनुभव तिथे मिळणार नाही. “तुमचे उत्पादन आज किती ग्राहक पैसे देऊन वापरतात?” या एका प्रश्नाने हा प्रकार उघड होतो.

पायरी ४ : सार्वजनिक कागद तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत स्वस्त आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचे नाव टाकले, की तिची स्थापनेची तारीख, भरणा झालेले भांडवल, संचालकांची नावे आणि तिच्यावरील तारण-बोजे विनामूल्य दिसतात. थोडे शुल्क भरले, तर तिने दाखल केलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकही पाहता येते. ताळेबंद वाचायची सवय नसेल, तर फक्त तीन आकडे शोधा : वर्षाचे उत्पन्न, वर्षाचा तोटा आणि बँकेतली शिल्लक. मागील वर्षाची पत्रकेच दाखल झालेली नसतील, तर तीही माहितीच समजावी.

दुसरी खिडकी भविष्य निर्वाह निधी संघटनेची. तिच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. तिथे कंपनीने कोणत्या महिन्याची वर्गणी कधी भरली आणि ती किती कर्मचाऱ्यांसाठी भरली हे दिसते. मुलाखतीत “आम्ही दीडशे जण आहोत” असे सांगितले गेले आणि पीएफ मात्र साठ जणांचाच भरला जातो, असे दिसले तर त्याचे स्पष्टीकरण विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उरलेले कदाचित कंत्राटी असतील. पण मग तुमची जागा कोणत्या गटातली आहे, हेही विचारावे लागेल. भरणा दर महिन्याला उशिराने होत असेल, तर कंपनीची रोकड ओढूनताणून चालली आहे असे समजण्यास हरकत नाही.

गुंतवणूकदारांची नावे स्टार्टअपला उसनी प्रतिष्ठा देतात, आणि ती पूर्णपणे पोकळ नसते, कारण त्यांनी काही चौकशी केलेली असते. मात्र तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी. जगभरातल्या नामांकित गुंतवणूकदारांचे पाठबळ असलेल्या बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते; जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली. मोटारदुरुस्तीच्या धंद्यातल्या गोमेकॅनिकच्या संस्थापकांनी जानेवारी २०२३ मध्ये हिशेबातील गैरप्रकारांची कबुली दिली, तेव्हा तिच्यामागेही मोठे गुंतवणूकदार होते.

पायरी ५ : मुलाखतीत उलट प्रश्न विचारा

प्रश्न विचारल्याने पत्र हातचे जाईल, ही भीती नवख्यांना असते. मी मुलाखती घेत असताना नेमके प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल आमचे मत चांगलेच होत असे, आणि प्रश्नांनी चिडणारी कंपनी पुढेही कशावरून ना कशावरून चिडणारच.

पहिला प्रश्न रोकडीचा. बँकेत सहा कोटी रुपये असतील आणि दरमहा उत्पन्न वजा जाता पन्नास लाख खर्च होत असतील, तर कंपनीला बारा महिन्यांचे आयुष्य आहे. नवी गुंतवणूक उभी करायला सहा महिने सहज लागतात, म्हणजे खरे निश्चिंत महिने सहाच. नेमकी रक्कम कोणी सांगणार नाही, पण “सध्याच्या खर्चाने किती महिने पुरेल?” याचे उत्तर जबाबदार संस्थापक देतो. अठरा महिने किंवा त्याहून अधिक ऐकू आले तर समाधान मानावे. दुसरा प्रश्न : ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्याने रिकामी झाली आहे? सोडून गेले असल्यास ती व्यक्ती किती काळ होती? तिसरा प्रश्न तुमच्या वरिष्ठाबद्दलचा. तुमचे काम रोज पाहून त्यात चुका काढणारे अनुभवी माणूस तिथे आहे का? नवशिक्यासाठी माझ्या लेखी हा प्रश्न पगारापेक्षा वरचा आहे. पंचवीस वर्षांच्या आतल्या दहा हुशार मुलांचे टोळके उत्साहाने खूप काम करते, पण एकमेकांच्या चुका एकमेकांकडून शिकते, आणि त्या चुका पुढच्या नोकरीत विसरायला वेळ लागतो.

शक्य झाल्यास त्या कंपनीतून वर्षभरात बाहेर पडलेल्या एका-दोघांशी बोला. ते थोडे कडवट बोलतील. त्यातला कडवटपणा गाळून तारखा आणि आकडे तेवढे घ्या.

पायरी ६ : पत्रातील पॅकेज फोडून पाहा

‘सीटीसी’ म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च; ‘सीटीसी सात लाख’ याचा अर्थ हातात सात लाख येणार, असा होत नाही. त्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि कधी कधी ईसॉपची कागदी किंमतही मिळवलेली असते. समजा, सात लाखांत एक लाख कामगिरीचे, ऐंशी हजार ईसॉपचे आणि पन्नास हजार पीएफ, ग्रॅच्युइटी व विम्याचे असतील, तर निश्चित पगार चार लाख सत्तर हजारच राहतो, आणि त्यातूनही तुमच्या वाट्याचा पीएफ व व्यवसाय कर कापला जातो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. स्टार्टअपमध्ये पाच वर्षे काढणारे थोडे, त्यामुळे ती रक्कम मोजणीतून वगळून दोन पत्रांची तुलना करावी.

बंधपत्राचे (बाँडचे) कलम असेल तर ते शांतपणे वाचा. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाऊ नये, अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण नोकरीच्या मुदतीचे बंधन वेगळे असते : २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची, दोन लाख रुपयांच्या भरपाईची अट वैध ठरवली. तेव्हा “बंधपत्राला काही अर्थ नसतो” असे कट्ट्यावर ऐकलेले मत धरून सही करू नये. मूळ पदवी प्रमाणपत्रे ताब्यात ठेवण्याची मागणी झाली, तर तिथेच थांबावे.

पायरी ७ : ईसॉपचा अर्थ लावा

चेन्नईत सुरू झालेल्या फ्रेशवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीची सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील नॅसडॅक या शेअर बाजारात नोंदणी झाली आणि तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले. इन्फोसिसच्या समभागांनी चालकांपासून लिपिकांपर्यंत अनेकांचे संसार उभे केल्याच्या कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. या कथा खऱ्या आहेत. म्हणूनच त्या नवख्याला चकवतात.

ईसॉप म्हणजे समभाग नव्हे, तर ठरलेल्या किमतीला पुढे समभाग विकत घेण्याचा हक्क. खासगी कंपन्यांसाठीच्या २०१४ च्या नियमांनुसार हा हक्क दिल्यापासून तो प्रत्यक्ष वापरण्याजोगा होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. प्रचलित पद्धत चार वर्षांची असते : पहिले वर्ष पुरे झाले की पाव हिस्सा, आणि उरलेला पुढील तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली, तर हाती काहीच येत नाही.

कराची बाजू उदाहरणाने समजेल. तुम्हाला दोन हजार समभाग प्रत्येकी दहा रुपयांना घेण्याचा हक्क आहे आणि तो वापरता त्या दिवशी एका समभागाचे मूल्य पाचशे दहा रुपये ठरले आहे, असे धरा. तुम्ही कंपनीला वीस हजार रुपये देता आणि कागदावर दहा लाखांचा लाभ होतो. हा लाभ पगारातील उत्पन्न मानला जातो. तुमचे उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सुमारे तीन लाखांचा कर देय होतो, आणि तोही समभाग विकून एक रुपयाही हाती आलेला नसताना. २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर समभाग विकेपर्यंत, नोकरी सोडेपर्यंत किंवा ठरावीक मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, लांबवण्याची सवलत दिली. पण ती फक्त करसवलतीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना आहे, नुसती मान्यता असलेल्यांना नाही. तुमच्या कंपनीकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे विचारून घ्या.

आणखी तीन प्रश्न लेखी विचारावेत. दोन हजार समभाग म्हणजे कंपनीच्या एकूण समभागांपैकी किती टक्के? (“दोन हजार” हा आकडा एकटा निरर्थक असतो.) नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला किती दिवस मिळतात? अनेक ठिकाणी फक्त नव्वद दिवस असतात. आणि कंपनी विकली गेली, तर गुंतवणूकदारांना आधी किती पैसे मिळणार? गुंतवणूकदारांनी शंभर कोटी घातले असतील, त्यांचा पैसा आधी परत करण्याची अट असेल आणि कंपनी शंभर कोटींनाच विकली गेली, तर बातमी मोठी छापून येते आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला शून्य येतो. एवढे सगळे कळल्यावरही ईसॉप घ्यावेत, पण पगाराच्या तुलनेत त्यांची किंमत शून्य धरून. पुढे काही मिळाले तर ते दिवाळी.

पायरी ८ : रुजू झाल्यावर स्वतःचा पुरावा जमवा

कंपनीचे नाव तुमच्यासाठी बोलणार नसेल, तर ते काम तुमच्याकडे येते. दर शुक्रवारी दहा मिनिटे काढून आठवड्यात काय केले, ते का केले आणि त्याने काय बदलले हे स्वतःच्या वहीत लिहा. कंपनीची गुपिते त्यात नकोत. “ऑर्डर नोंदवायला आधी आठ सेकंद लागत, आता दोन लागतात” अशा प्रकारची वाक्ये दोन वर्षांनी मुलाखतीत सोन्याच्या भावाने खपतात, आणि लिहून ठेवली नाहीत तर ती कधीच आठवत नाहीत.

अर्जात अपरिचित कंपनीच्या नावाखाली एक ओळ जरूर द्या : ती काय बनवते, कोणाला विकते, तुम्ही रुजू झालात तेव्हा किती माणसे होती आणि आता किती आहेत. वाचणाऱ्याला शोधाशोध करायला लावणारा अर्ज बाजूला पडतो. तुमच्या क्षेत्रातल्या मुक्त स्रोत प्रकल्पांत थोडी भर घाला किंवा एखाद्या तांत्रिक मेळाव्यात पंधरा मिनिटे बोला; हे नाव कंपनीचे नसते, तुमचे असते. ‘पदनाम’ या बाबतीत मात्र सावध राहा. लहान कंपन्या पगारवाढीऐवजी पदनाम वाढवून देतात, आणि दोन वर्षांच्या अनुभवावर ‘व्हाइस प्रेसिडेंट’ लिहिलेला अर्ज पाहून मोठ्या कंपनीतला वाचक गालातल्या गालात हसतो.

मोठ्या कंपनीकडे परतण्याची वाट हवी असेल, तर ती दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान चाचपून पाहावी. तुमची खूप चांगली, पण विस्कळीत कामे त्या काळात अजून ‘उत्साह’ म्हणून वाचली जातात. नंतर तीच ‘पद्धतीची सवय नाही’ म्हणून वाचली जातात.

पायरी ९ : धोक्याच्या खुणा पाहा आणि कागद हाती घेऊन बाहेर पडा

पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसतो, म्हणजे तो भरला गेलाच असे नाही. दर महिन्याला आपल्या यूएएन (पीएफ सदस्याचा कायम क्रमांक) खात्याचे पासबुक पाहा. तसेच कापलेला आयकर सरकारजमा झाला की नाही, हे दर तिमाहीला आयकर खात्याच्या वार्षिक कर विवरणात (फॉर्म २६एएस) पाहा. मी पूर्वी काम केलेल्या एका लहान कंपनीत पगार आधी पाच दिवस, मग बारा दिवस आणि नंतर महिनाभर लांबला. प्रत्येक वेळी सर्वांना बोलावून नवा गुंतवणूकदार येत असल्याचे सांगितले गेले, आणि आम्ही एकमेकांकडे पाहून थांबलो. त्यातून मी स्वतःपुरता नियम केला : पगार पहिल्यांदा लांबला की अर्ज पाठवायला लागायचे, दुसऱ्यांदा लांबला की जे चांगले पत्र हातात असेल ते स्वीकारायचे. संस्थापक भला माणूस असला तरी हा नियम मोडू नये, कारण भल्या माणसाच्या बँक खात्यातले पैसेही संपतात.

बंद पडलेल्या कंपनीचा सर्वांत मोठा त्रास नंतर होतो : पुढच्या नोकरीत पूर्वानुभवाची पडताळणी सुरू होते आणि फोन उचलायला कोणीच नसते. म्हणून नेमणूकपत्र, सर्व पगारपत्रके, पगारवाढीची पत्रे आणि फॉर्म १६ यांच्या प्रती कंपनीच्या ईमेलवर न ठेवता दरमहा स्वतःकडे उतरवून घ्या. वरिष्ठ आणि एक-दोन सहकाऱ्यांचे खासगी फोन क्रमांक मागून ठेवा. राजीनामा दिल्यावर शेवटच्या दिवसापूर्वीच कार्यमुक्ती पत्र, अनुभवपत्र आणि ईसॉपचे विवरण लेखी मागा. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नसेल, तर पुढे रक्कम नव्या खात्यात नेताना अडते. कंपनीने ती नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. त्यासाठी आधार यूएएनला जोडलेले असावे लागते आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, म्हणून ही जोडणी नव्या नोकरीत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात करून टाकावी.